तारांखालचा प्लॉट आणि लेकरांचा कर्करोग

दिग्रसहून पुसदकडे निघा, आर्णीकडे निघा की दारव्ह्याकडे. गाव संपता संपता हल्ली एकच चित्र दिसते. कालपरवापर्यंत जिथे कपाशी किंवा सोयाबीन उभे होते त्या वावरात मुरुमाचे रस्ते आखलेले, सिमेंटचे खुंट रोवलेले आणि कमानीवर कुठल्याशा नगराचे नाव. ले-आउट पडलेला असतो. अशा ले-आउटमध्ये पुष्कळदा एक कोपरा बाकीच्यांपेक्षा स्वस्त असतो. मान वर केली की कारण कळते. वरून उच्चदाबाच्या तारा गेलेल्या असतात.

मग घरात चर्चा सुरू होते. दर परवडणारा आहे, शाळा जवळ आहे, पण ‘हाय टेन्शनखाली राहिले की लेकरांना कॅन्सर होतो म्हणतात’. हे कोण म्हणते, कशाच्या आधारावर म्हणते, हे कुणालाच नीट माहीत नसते. पण एकदा ऐकलेले डोक्यातून जात नाही, आणि मूल आपले असले की तर जातच नाही. ही भीती निव्वळ अफवेतून आलेली नाही. तिच्यामागे पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळाचे संशोधन आहे. ते सगळे समोर ठेवले तर भीती बरीच कमी होते, आणि त्याच तारांबद्दलची एक वेगळी काळजी मात्र वाढते.

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात. नॅन्सी वर्थहायमर या संशोधक बाईंनी कर्करोगाने दगावलेल्या मुलांच्या घरांचे पत्ते मिळवले आणि त्या गाडी घेऊन गल्लीगल्ली हिंडू लागल्या. हे आजार एकमेकांजवळ का होतात, त्यामागे काही संसर्ग असेल का, असा त्यांचा मूळ विचार होता. हिंडताना त्यांच्या नजरेत वेगळेच काही आले. यातल्या अनेक घरांजवळच्या खांबावर ट्रान्सफॉर्मर होता, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे ‘डीपी’ म्हणतात ते. एड लीपर या भौतिकशास्त्रज्ञ मित्राच्या मदतीने त्यांनी घराजवळच्या तारांची जाडी आणि अंतर यांवरून घरांची वर्गवारी केली. १९७९ मध्ये निष्कर्ष छापून आला: जास्त विद्युतप्रवाहाच्या तारांजवळ राहणाऱ्या मुलांमध्ये कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण दोन ते तीन पट दिसते.

यात उणिवा होत्या. कोणत्याही घरात चुंबकीय क्षेत्र मोजलेले नव्हते, फक्त तारा पाहिल्या होत्या. कोणते घर आजारी मुलाचे आणि कोणते निरोगी मुलाचे, हेही पाहणाऱ्याला ठाऊक होते, आणि ठाऊक असले की नजर नकळत झुकते. तरी बाईंनी प्रामाणिकपणे एक प्रश्न उभा केला होता. पुढे डेन्व्हरमध्येच दुसऱ्या गटाने अभ्यास केला, त्यांनाही थोडा संबंध दिसला. १९८९ मध्ये पॉल ब्रॉडर या पत्रकाराने ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात लेखमाला लिहिली आणि अमेरिकाभर हलकल्लोळ माजला. शाळांजवळच्या तारा काढा म्हणून पालक रस्त्यावर आले, खटले झाले, घरांच्या किमती पडल्या. आपल्याकडे ‘म्हणतात’ म्हणून जे पोहोचले आहे, ते बहुधा त्या काळचेच पडसाद.

पुढे जाण्याआधी तारेतून नेमके काय बाहेर पडते ते पाहू, कारण गोंधळ इथेच होतो. विजेच्या तारेभोवती दोन गोष्टी असतात. एक विद्युत क्षेत्र. ते व्होल्टेजवर अवलंबून असते. मोठ्या लाईनखालून पावसाळ्यात जाताना तारा चरचरतात, छत्रीच्या दांड्याला किंवा कुंपणाच्या काटेरी तारेला हात लागला तर झिणझिण्या येतात, अंधारात ट्यूबलाईट हातात धरली तर मंद पेटते. हे सारे विद्युत क्षेत्राचे खेळ. पाहणाऱ्याला भीतिदायक वाटतात, पण भिंत, झाड, छप्पर हे क्षेत्र बऱ्याच अंशी अडवतात, आणि कर्करोगाशी त्याचा संबंध कोणत्याही अभ्यासात नीट दिसलेला नाही.

दुसरे चुंबकीय क्षेत्र. ते भिंतीतून आरपार जाते, आणि व्होल्टेजवर नव्हे, तर तारेतून किती प्रवाह वाहतो त्यावर ठरते. म्हणून आकाशाएवढा मनोरा पाहून जेवढे घाबरायला होते तेवढे क्षेत्र तिथे असेलच असे नाही. उलट बाजारपेठेत खिडकीला खेटून गेलेली, भाराने वाकलेली साधी लाईन किंवा डीपीची जाड केबल भिंतीपाशी जास्त क्षेत्र देऊ शकते. मोजमाप मायक्रोटेस्लात होते. ४०० केव्हीच्या लाईनच्या बरोबर खाली ते साधारण ५ ते १० मायक्रोटेस्ला भरते, आणि अंतर वाढले की झपाट्याने ओसरते. तीन फेजच्या तारा एकमेकींचे क्षेत्र बरेचसे मारतात, त्यामुळे शंभर-दीडशे मीटरवर ते घरातल्या नेहमीच्या पातळीत मिसळून जाते. घरातले मिक्सर, हेअर ड्रायर यांच्या अगदी जवळ काही क्षणांपुरते याच्या कितीतरी पट क्षेत्र असते, पण हातभर लांब झालात की ते जवळजवळ नाहीसे होते.

आणखी एक. हे क्षेत्र सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते. क्ष-किरणांमध्ये पेशीतला डीएनए तोडण्याची ताकद असते, ती याच्यात नाही. पृथ्वीचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आपल्या भागात चाळीसच्या आसपास मायक्रोटेस्ला आहे, फक्त ते स्थिर असते. विदर्भाला याची एक जवळची ओळख आहे. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची जी ५०० केव्हीची लाईन जाते, ती एकदिश प्रवाहाची आहे. तिचे क्षेत्रही पृथ्वीच्या क्षेत्रासारखे स्थिर, म्हणून या लेखातला वाद तिला लागूच होत नाही. खालून जाणाऱ्याला मात्र सगळे मनोरे सारखेच.

आता पुन्हा संशोधनाकडे. १९९३ मध्ये स्वीडनमधून आलेला अभ्यास जास्त काटेकोर होता. मारिया फेयक्टिंग आणि अँडर्स अल्बोम यांनी २२० आणि ४०० केव्हीच्या लाईनपासून ३०० मीटरच्या आत राहिलेल्या सगळ्यांची नोंद तपासली. लाईनमधून कोणत्या वर्षी किती प्रवाह वाहत होता याच्या जुन्या नोंदी तिथे होत्या, त्यावरून त्यांनी घरातले क्षेत्र गणिताने काढले. मुलांमधल्या ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा धोका जास्त क्षेत्राच्या घरांत २.७ पट दिसला. पण जास्त क्षेत्राच्या गटातली आजारी मुले किती? सात. एवढ्या थोड्या आकड्यावर दोन मुले इकडची तिकडे झाली तरी निष्कर्ष बदलतो. १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने ल्युकेमिया झालेल्या ६३८ मुलांच्या घरांत प्रत्यक्ष मोजणी करून अभ्यास केला. त्यात संबंध दिसला नाही.

एकेका अभ्यासात मुले थोडी, म्हणून २००० मध्ये अल्बोम आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतले नऊ अभ्यास एकत्र केले. ल्युकेमिया झालेली ३२४७ मुले, तुलनेसाठी दहा हजारांवर निरोगी मुले. ०.४ मायक्रोटेस्लाच्या खाली कुठेही धोका वाढलेला नव्हता. त्याच्या वर मात्र तो दुप्पट दिसला. या वरच्या गटात अभ्यासातल्या एकूण मुलांपैकी शंभरात एकही मूल नव्हते, ०.८ टक्के होती. संशोधकांनी स्वतःच लिहिले की ही वाढ योगायोगाने आली असण्याची शक्यता कमी आहे, पण अभ्यासात कोण सहभागी झाले आणि कोण नाही, यातल्या असमतोलाने ती थोडीफार फुगलेली असू शकते.

याच आधारावर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, आयएआरसीने, २००२ च्या अहवालात या क्षेत्राला ‘२ ब’ गटात टाकले: ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’. व्हॉट्सअॅपवर फिरताना हे वाक्य ‘डब्ल्यूएचओने मान्य केले’ असे होते. ‘२ ब’ म्हणजे पुरावा अपुरा, पण पूर्णपणे झटकून टाकता येत नाही. पूर्व आशियातल्या पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही याच गटात आहेत (आपले कैरीचे लोणचे नव्हे). ज्यांच्याबद्दल शंकाच उरलेली नाही तो गट पहिला, आणि त्यात तंबाखू आहे, सुपारीही आहे. दोन्ही एकत्र घोटून जो पदार्थ तयार होतो त्याला आपल्याकडे खर्रा म्हणतात. तोंडात खर्रा धरून वरच्या तारांकडे संशयाने पाहणारे बाप मी पुष्कळ पाहिले आहेत.

त्यानंतर काय झाले, हे मात्र आपल्यापर्यंत फारसे आले नाही, आणि खरी रंजक गोष्ट तीच आहे. २००५ मध्ये जेराल्ड ड्रेपर यांच्या गटाने इंग्लंड आणि वेल्समधल्या कर्करोग झालेल्या २९ हजार मुलांच्या जन्माच्या वेळच्या घराचे लाईनपासूनचे अंतर मोजले. लाईनपासून २०० मीटरच्या आत जन्मलेल्यांत ल्युकेमियाचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी जास्त निघाला. बातम्या झाल्या. पण त्याच तक्त्यात पुढची ओळ होती: २०० ते ६०० मीटरमध्येही धोका २३ टक्के जास्त. ही ओळ डोळे उघडणारी आहे. पाचशे मीटरवर लाईनचे चुंबकीय क्षेत्र घरातल्या वायरिंगच्या क्षेत्रापुढे काहीच नसते. तिथेही धोका वाढलेला दिसत असेल, तर कारण क्षेत्राखेरीज दुसरे काही असले पाहिजे.

नऊ वर्षांनी, २०१४ मध्ये, तोच अभ्यास आणखी वर्षे जोडून पुन्हा केला गेला. तेव्हा दिसले की हा वाढीव धोका १९६० आणि ७० च्या दशकांत जन्मलेल्या मुलांमध्ये होता, पुढे दर दशकाला तो उतरत गेला आणि २००० नंतर जन्मलेल्यांत उरलाच नाही. तारा तिथेच आहेत आणि वीजही वाहतेच आहे. दोष चुंबकीय क्षेत्राचा असता तर तो असा विरून गेला नसता. मग त्या काळात लाईनजवळ राहणाऱ्यांत वेगळे काय होते? ती घरे कोणाची होती, माणसे कुठून येऊन राहिली होती, नव्या वस्तीत कोणते संसर्ग मिसळले होते, अशा दिशेने शोध चालू आहे. नेमके उत्तर नाही. जगभरातल्या एकत्रित आकड्यांचाही कल तोच आहे. २०१० च्या एकत्रित विश्लेषणात संबंध आधीपेक्षा क्षीण निघाला, आणि २०२२ मध्ये छापलेल्या विश्लेषणात ०.४ मायक्रोटेस्लाच्या वरही धोका वाढलेला दिसला नाही.

प्रयोगशाळांतही हाती फारसे लागले नाही. अमेरिकेत उंदरांना दोन-दोन वर्षे अशा क्षेत्रात ठेवले, ल्युकेमिया वाढला नाही. पेशींवर परिणाम दाखवणाऱ्या एका नावाजलेल्या संशोधकाने, रॉबर्ट लिबर्डी यांनी, आकडे फिरवल्याचे १९९९ मध्ये चौकशीत उघड झाले.

तरीही समजू की तो दुपटीचा आकडा खरा आहे. सगळ्यात वाईट बाजू धरून हिशेब करू. मुलांमधला ल्युकेमिया जगभरात साधारणतः एक लाख मुलांमागे वर्षाला तीन ते पाच जणांना होतो. आपण चार धरू. आता एक लाख मुले असलेला एखादा प्रदेश घ्या. त्यातली ०.८ टक्के, म्हणजे ८०० मुले ०.४ मायक्रोटेस्लाच्या वर राहतात असे माना. तारा नसत्या तरी या ८०० मुलांपैकी एकाला साधारण तीस वर्षांतून एकदा ल्युकेमिया झाला असता. तारांमुळे धोका दुप्पट झाला, तर तीस वर्षांत एकाऐवजी दोघांना. ‘दुप्पट’ हा शब्द कानाला जेवढा मोठा वाटतो, तेवढा तो हिशेबात नसतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००७ मध्ये असाच हिशेब मांडला होता: संबंध खरा असलाच, तर जगातल्या वर्षाकाठच्या सुमारे ४९ हजार बालल्युकेमिया रुग्णांपैकी १०० ते २४०० रुग्ण यामुळे असू शकतील. संबंध नसेल तर शून्य.

‘पण आमच्या गल्लीत दोन लेकरांना झाला, आणि वरून लाईन जाते’ असे कुणी म्हणते तेव्हा त्याला आकडे सांगून समाधान होत नाही. त्याच्यासाठी एक साधा प्रयोग आहे. मूठभर ज्वारी अंगणात उधळा. दाणे सारख्या अंतरावर पडणार नाहीत. कुठे चार दाणे एकत्र, कुठे हातभर जागा मोकळी. आता चार दाण्यांभोवती खडूने गोल काढला, तर तिथे काहीतरी विशेष आहे असे वाटेल. दुर्मीळ आजारही असेच पडतात. आणि लाईन तर कुठून ना कुठून जातेच. ज्या गल्लीवरून लाईन जाते आणि एकही मूल आजारी नाही, तिची चर्चा कट्ट्यावर होत नाही. अर्थात थोड्या काळात खरोखरच अनेक मुले आजारी पडली तर आरोग्य खात्याने तपासायलाच हवे.

मग हे तारांखालचे घर निर्धोक म्हणायचे का? नाही. २०१७ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस नागपुरात एका वसाहतीत १३२ केव्हीच्या लाईनने दोन जुळ्या भावांचा जीव घेतला. खेळताना त्यांना तारेचा झटका बसला होता. घर आणि तारा यांच्यात नियमाने हवे ते अंतरच उरलेले नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, तपासणी झाली, आणि शहरात तारांच्या जवळ नियम मोडून उभी राहिलेली बांधकामे हजारांच्या संख्येने निघाली. देशात विजेच्या धक्क्याने अलीकडे दरवर्षी बारा हजारांवर माणसे मरतात. त्यांच्यासाठी पंचेचाळीस वर्षे अभ्यास करावा लागत नाही, एकत्रित विश्लेषण लागत नाही. कारण आणि परिणाम यांच्यात एका सेकंदाचे अंतर असते.

म्हणून स्वस्त प्लॉटसमोर उभे राहिल्यावर विचारायचा प्रश्न अंतराचा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे इमारतीपासून आडवे अंतर ११ केव्हीला किमान १.२ मीटर, ३३ केव्हीला २ मीटर, १३२ केव्हीला २.९ आणि २२० केव्हीला ३.८ मीटर हवे. छताच्या वर ३३ केव्हीपर्यंत ३.७ मीटर, १३२ केव्हीला ४.६ आणि २२० केव्हीला ५.५ मीटर. हे अंतर तार वाऱ्याने जास्तीत जास्त झुलली आणि उन्हाने जास्तीत जास्त खाली आली असे धरून मोजायचे असते. वैशाखात विदर्भातली तार किती खाली येते ते धुऱ्यावरून चालणाऱ्याला वेगळे सांगायला नको. शिवाय लाईनच्या खालचा पट्टा मोकळा ठेवायचा असतो. १३२ केव्हीसाठी तो साधारण २७ मीटर आणि २२० केव्हीसाठी ३५ मीटर रुंद धरतात. ले-आउटच्या मंजूर नकाशात हा पट्टा दाखवलेला आहे का ते पाहा. नकाशात त्या जागी ‘ओपन स्पेस’ असेल आणि विकणारा तिथेच खुंट रोवत असेल, तर तिथून परत फिरलेले बरे. आज एकमजली बांधतो म्हणणारा उद्या वर खोली काढतो, लोखंडी सळाख उभी करताना ती तारेला लागते. कापसाने शिगोशीग भरलेला ट्रक, कुटाराची ट्रॉली, स्प्रिंकलरचे उभे धरलेले ॲल्युमिनियमचे पाईप, संक्रांतीच्या सुमाराचे पतंग. जीव जातात ते अशा प्रसंगांत.

घर नियमाच्या अंतराबाहेर, लाईनपासून पन्नास-शंभर मीटरवर असेल, तर कर्करोगाच्या भीतीने ते सोडायचे कारण मला दिसत नाही. अगदीच धाकधूक असेल तर लहान मुलाचा पलंग डीपीच्या किंवा मीटरपेटीच्या भिंतीपासून दुसऱ्या बाजूला सरकवा. याला पैसे लागत नाहीत. नेदरलँड्सने २००५ मध्ये असाच मध्यम मार्ग धरला. जुनी घरे आहेत तिथेच ठेवली, पण वार्षिक सरासरी ०.४ मायक्रोटेस्लाच्या वर जाईल अशा पट्ट्यात नव्या शाळा आणि नवी घरे शक्यतो बांधू नका, असा सल्ला दिला. आपल्याकडच्या नगरपरिषदांना ले-आउट मंजूर करताना एवढे सहज करता येईल. एकदा घरे उभी राहिली की लाईन हलवण्याचा खर्च कुणीच उचलत नाही.

या भीतीत एक रागही मिसळलेला असतो, तो वेगळा काढून पाहिला पाहिजे. ज्याच्या वावरातून लाईन गेली त्याला वर्षानुवर्षे पिकाच्या नुकसानीपलीकडे फार काही मिळत नव्हते. २०१५ मध्ये केंद्राने मनोऱ्याच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी कमाल १५ टक्के भरपाई सुचवली. जून २०२४ च्या नव्या सूचनांत ती २०० आणि ३० टक्क्यांवर गेली. सौर आणि पवनऊर्जेसाठी नव्या लाईन टाकाव्या लागणार आहेत, त्यामुळे हा वाद गावोगाव येणार. तिथे शेतकऱ्याची बाजू भक्कम आहे. तिला कर्करोगाचा टेकू लावला, तर समोरचा वकील दोन अभ्यास दाखवून तो टेकू काढून घेईल आणि मूळ मागणीही त्याबरोबर खाली बसेल.

मुलांच्या ल्युकेमियाबद्दल काळजीच करायची, तर यवतमाळ जिल्ह्यात आणखी एका गोष्टीकडे पाहायला हवे. २०१७ मध्ये इथेच फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो दवाखान्यांत भरती झाले. तो तीव्र विषबाधेचा प्रश्न होता. पण कीटकनाशके आणि बालल्युकेमिया यांचाही अभ्यास झाला आहे. निरनिराळ्या देशांतले बारा अभ्यास एकत्र केल्यावर, गर्भारपणात घरात कीटकनाशके वापरलेल्या मातांच्या मुलांत या आजाराचे प्रमाण सुमारे ४० टक्के जास्त दिसले. कॅलिफोर्नियात तर लाईनखालच्या मोकळ्या पट्ट्यांत रोपवाटिका असतात, म्हणून संशोधकांनी हाही तपास केला. रोपवाटिकेला अगदी लागून राहणाऱ्या मुलांत धोका दुपटीहून जास्त निघाला, मात्र अशी मुले फार थोडी होती. तारांसाठी जी चाळणी लावली तीच इथेही लावायची: आजारी मुलाच्या आईला मागचे जास्त आठवते, त्यामुळे आकडा फुगू शकतो. तरी फरक असा की ही रसायने पेशींना इजा करू शकतात हे प्रयोगांत दिसते, आणि ती टाळणे आपल्या हातात आहे. औषधाचा डबा झोपायच्या खोलीतल्या पलंगाखाली नको. फवारणीचे कपडे लेकरांच्या कपड्यांबरोबर भिजवायचे नाहीत. फवारून आलेल्या बापाने आंघोळ केल्याशिवाय मुलाला उचलून घ्यायचे नाही. गर्भार बाईला त्या दिवशी वावरात पाठवायचे नाही.

आणि एवढे करूनही कुणाच्या तरी लेकराला हा आजार होईलच, कारण बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. तेव्हा तारा, फवारणी, नशीब यांपेक्षा वेळेला महत्त्व येते. मुलांमधला सगळ्यात जास्त आढळणारा ल्युकेमिया आज श्रीमंत देशांत दहापैकी जवळजवळ नऊ मुलांत पूर्ण बरा होतो. गरीब देशांत तसे होत नाही, आणि त्यात मोठा वाटा उशिराचा आणि अर्धवट सोडलेल्या उपचारांचा आहे. पंधरा दिवस हटत नसलेला ताप, पांढराफटक पडलेला चेहरा, न लागता अंगावर उठलेले निळे-लाल डाग, हिरड्यांतून रक्त, हाडे दुखतात म्हणून चालायला नको म्हणणारे मूल, मानेतल्या किंवा काखेतल्या गाठी. यातले एकापेक्षा जास्त काही दिसले तर पहिली तपासणी साधी आहे, काही शे रुपयांतली: सीबीसी आणि रक्ताचा काचपट्टीवरचा नमुना. दिग्रसमध्येही ती होते. निदानाआधी ‘ताप उतरवायला’ म्हणून स्टेरॉइडचे इंजेक्शन मात्र घेऊ नका. त्याने काही दिवस ताप जातो, गाठी बसतात, आजार लपतो, निदान लांबते आणि पुढचा उपचार अवघड होतो.

यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय दिग्रसपासून साठ-सत्तर किलोमीटरवर आहे. तिथून पुढे सेवाग्राम, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, राष्ट्रीय कर्करोग संस्था, एम्स, आणि लागलेच तर मुंबईचे टाटा. उपचार दोन-अडीच वर्षे चालतात. पहिल्या महिन्यातच मूल हिंडू-फिरू लागते, आणि नेमके तिथेच पुष्कळ घरे उपचार सोडतात, कारण कापूस वेचणीला आलेला असतो, जाण्यायेण्याला पैसे नसतात, आणि लेकरू तर बरे दिसत असते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मुलांच्या कर्करोगाचे उपचार बसतात, आणि कुटुंबामागची मर्यादा आता वर्षाला पाच लाखांवर नेली आहे. रेशनकार्ड आणि मुलाचे आधार बरोबर ठेवा, आणि रुग्णालयात पोहोचल्यावर आधी आरोग्यमित्राची खिडकी विचारा.